‘भाषा: सी++, जावा, मराठी’ : सॉफ्टवेअरच्या माहितीचौकटीची लेबले ठरवताना

एका मराठी ऑनलाइन ज्ञानकोशात लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरवरचा लेख आहे. त्यातल्या माहितीचौकटीची, म्हणजे ठळक माहिती थोडक्यात देणाऱ्या तक्त्याची, एक ओळ अशी होती: ‘भाषा: सी++, जावा, मराठी व इतर’. यातला एकही शब्द खोटा नाही. लिब्रेऑफिसचा कोड मुख्यतः सी++मध्ये आहे, काही भाग जावात आहे आणि त्याचे मेनू मराठीत पाहता येतात. तरीही ओळ वाचून कोणाचेच समाधान होत नाही. हे सॉफ्टवेअर मराठीत वापरता येते का, एवढेच ज्याला पाहायचे आहे तो सी++ वाचून बिचकतो. कोड कशात लिहिला आहे हे ज्याला हवे आहे, त्याला मराठीचा तिथे काय संबंध हे उमगत नाही.

याच रकान्यात फायरफॉक्सच्या लेखात ‘९०हून अधिक’ असे होते, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या लेखात ‘सी, शेल, पर्ल’, तर जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखात ‘सी, सी++, फोरट्रान, एडा’. जीसीसीची नोंद आणखी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. हा कंपायलर कोणत्या भाषांतले प्रोग्राम हाताळतो, हे ती सांगते. तो स्वतः कशात लिहिला आहे ते नाही. म्हणजे एका लेबलाखाली तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे जमली होती, आणि प्रत्येक संपादकाने आपापल्या परीने बरोबरच लिहिले होते.

हा ज्ञानकोश स्वयंसेवक चालवतात. त्यातल्या या चौकटीची लेबले बदलायची ठरल्यावर काय काय पाहिले, काय ठरले आणि कुठे अजून घोडे अडले आहे, ते इथे मांडतो.

साच्याला दोन नावे असतात

सॉफ्टवेअरविषयीच्या सगळ्या लेखांना चौकट आखणारा एकच साचा लागतो. साच्यातल्या प्रत्येक रकान्याला एक आतले नाव असते, जे संपादक लेखाच्या कोडमध्ये टंकतो, आणि एक बाहेरचे लेबल असते, जे वाचकाला चौकटीत दिसते. दोन्ही सारखी असायलाच हवीत असे नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या सॉफ्टवेअर साच्यात आतले नाव ‘प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ असले तरी वाचकाला ‘रिटन इन’ दिसते. आतले ‘लँग्वेज’ बाहेर ‘अव्हेलेबल इन’ होते, आतले ‘जॉनर’ बाहेर ‘टाइप’ होते. आमचा साचा तयार झाला तेव्हा आतली नावे समोर ठेवून लेबले केली गेली. ‘लँग्वेज’चे ‘भाषा’ झाले आणि ‘कोणत्या भाषेत उपलब्ध’ हा त्यामागचा अर्थ वाटेतच गळला. पुढे प्रोग्रॅमिंग भाषेचा वेगळा रकाना आहे हे बहुतेकांच्या लक्षातच आले नाही. समोर ‘भाषा’ दिसली, तिथेच भरून मोकळे झाले.

या दुहेरी रचनेचा फायदाही मोठा आहे. बाहेरचे लेबल साच्यात एकाच जागी बदलले की सगळ्या लेखांत बदलते. आतले नाव बदलायचे तर प्रत्येक लेखाला हात लावावा लागतो, किंवा जुने नाव पर्यायी म्हणून साच्यात जिवंत ठेवावे लागते. शिवाय आतल्या नावांवर बाहेरचेही अवलंबून असतात. डीबीपीडियासारखा प्रकल्प २००७पासून माहितीचौकटींतली माहिती यंत्राने उपसून घेतो आणि त्याला लेबलापेक्षा आतले नाव महत्त्वाचे असते. म्हणून पहिला निर्णय वाद न होता झाला: बाहेरची लेबले मनमोकळेपणाने बदलायची, आतली नावे अगदी गरज पडली तरच.

चुकलेल्या नोंदी हाच कच्चा माल

सुरुवातीला चर्चा नेहमीच्या वाटेने गेली. कोणता शब्द शुद्ध, कोणता रूढ, कोणता कानाला बरा. अशा चर्चेला अंत नसतो. दिशा बदलली ती एका साध्या सूचनेने: आधी रकान्यांत लोकांनी काय भरले आहे ते वाचा, मग शब्दांवर बोला.

हाच या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. लेबल हा वाचकासाठी मथळा असतो, पण भरणाऱ्यासाठी तो प्रश्न असतो. प्रश्न संदिग्ध असेल तर उत्तरे फाटे फोडतात, आणि ते फाटे लेखांत लेखी स्वरूपात आयते पडलेले असतात. आम्ही तीन खुणा शोधत गेलो. एकाच रकान्यात वेगळ्या जातीच्या गोष्टी आल्या असतील तर लेबलात दोन प्रश्न दडले आहेत. भरणाऱ्याने उत्तरापुढे कंसात खुलासा केला असेल, उदाहरणार्थ ‘२००४ (१.०)’ किंवा ‘मराठी (मेनू)’, तर लेबलाने जे सांगायला हवे होते ते बिचाऱ्याला स्वतः सांगावे लागले आहे. आणि रकाना जवळपास सगळीकडे रिकामाच असेल, तर एक तर ती माहिती कोणाला नको आहे किंवा प्रश्नच कळलेला नाही.

कंसांची खूण मला विशेष आवडली. लेखकाला लेबलावर भरवसा नाही, हे ती दरवेळी अचूक दाखवते. बरेचदा नवे लेबल त्या कंसातच सापडले.

यातले काही रकाने झटपट निकालात निघाले. ‘आकार’ काढूनच टाकला. डाउनलोडचा आकार की इन्स्टॉल झाल्यावरचा, कोणत्या सिस्टीमवरचा, कोणत्या आवृत्तीचा, याला उत्तर नव्हते आणि दर अद्यतनाला तो बदलतो. ‘संकेतस्थळ’ जसेच्या तसे राहिले. तिथे कोणी चुकतच नव्हते. ‘प्रकार’ही राहिला, फक्त ‘ब्राउझर’, ‘मजकूर संपादक’ अशा ठरलेल्या नोंदींकडे दुवे दिले.

भाषा

‘भाषा’ फोडायची हे उघड होते, पण कशी? कोडसाठी ‘प्रोग्रॅमिंग भाषा’ हे लेबल सर्वांना पटकन पटले. सी++ आणि मराठीची गल्लत त्याने नक्कीच मिटली असती. पण जीसीसीची नोंद समोर होती. कंपायलरच्या चौकटीत ‘प्रोग्रॅमिंग भाषा’ वाचले की मनात पहिले येते ते ‘कोणत्या भाषेसाठी’, ‘कोणत्या भाषेत’ नव्हे. कोड संपादकांचे, म्हणजे कोड लिहिण्यासाठीच्या सॉफ्टवेअरचेही तेच. आणि ज्ञानकोशात सॉफ्टवेअरचे लेख लिहिणारे लोक कंपायलर आणि कोड संपादक यांच्यावर बरेच लिहितात, हौसेचा भाग. म्हणून ‘कोडची भाषा’ घेतले. लेबल लहान आहे, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एका ओळीत मावते आणि ‘कोणाच्या कोडची?’ असा प्रश्न निघत नाही.

माणसांच्या भाषांसाठी ‘मेनूच्या भाषा’ हे लेबल काही दिवस पुढे होते. सामान्य वाचकाला त्यापेक्षा स्पष्ट काय असणार! पण गिटसारख्या टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला मेनूच नसतो, तरी त्याचे संदेश अनेक भाषांत अनुवादित आहेत. शेवटी ‘इंटरफेसच्या भाषा’ ठरले. शब्द जरा परका, पण फोनची सेटिंग्ज पाहणाऱ्याला अनोळखी नाही. इथे आणखी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. लिब्रेऑफिसमध्ये मराठी मजकूर टंकता येणे, मराठी शुद्धलेखन तपासता येणे आणि मेनू मराठीत असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘उपलब्ध भाषा’ म्हटले असते तर तिन्ही पुन्हा एका पोत्यात गेल्या असत्या. ‘इंटरफेस’ या शब्दाने पहिल्या दोन आपोआप बाहेर राहतात.

विकिडेटाची रचना पाहणे या ठिकाणी उपयोगी पडले. २०१२च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या या माहितीसाठ्यात प्रत्येक गुणधर्माला क्रमांक असतो, आणि प्रत्येक भाषेत त्याला लेबल, वर्णन आणि पर्यायी नावे देता येतात. सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत प्रोग्राम केले आहे यासाठी पी२७७, आणि कृतीची किंवा नावाची भाषा यासाठी पी४०७. दोन प्रश्न, दोन क्रमांक. लेबल नंतर कोणी बदलले तरी क्रमांक हलत नाही, त्यामुळे भरलेली माहिती भरकटत नाही.

आवृत्ती

इथे सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

मूळ लेबल नुसते ‘आवृत्ती’. विंडोजच्या लेखांमध्ये त्यापुढे ‘होम, प्रो’ असे भरलेले सापडले. मराठीत त्यालाही आवृत्तीच म्हणतात, त्यामुळे दोष देता येत नाही. दुसरीकडे कोणी बीटा, म्हणजे चाचणीसाठी सोडलेल्या, आवृत्तीचा क्रमांक दिला होता, कारण तो सर्वांत नवा होता. काहींनी ‘सध्याची आवृत्ती’ असा बदल सुचवला. ज्ञानकोशात ‘सध्या’ हा शब्द म्हणजे उघड्यावर ठेवलेले दूध. ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी ठीक, पुढे फक्त वाचणाऱ्याला कळते. ‘ताजी आवृत्ती’ म्हटले तर बीटावाले पुन्हा आत येतात.

म्हणून दोन रकाने केले: ‘स्थिर आवृत्ती’ आणि ‘चाचणी आवृत्ती’. स्थिर म्हणजे सर्वसामान्य वापरासाठी प्रकाशकाने सोडलेली. चाचणी म्हणजे बीटा किंवा तत्सम. क्रमांकासोबत प्रकाशनाची तारीख देणे बंधनकारक. तारीख दिली की ‘सध्याची’ म्हणायची गरजच उरत नाही. माहिती किती जुनी आहे ते वाचकच ठरवतो.

तारखेने आणखी एक कोडे सुटले. लिब्रेऑफिस ७.६नंतर एकदम २४.२वर गेले. मधल्या आवृत्त्या कुठे गेल्या, असे वाचक विचारणारच. गेल्या कुठेच नाहीत. २०२४पासून क्रमांकात वर्ष आणि महिना येतो. २४.२ म्हणजे २०२४चा फेब्रुवारी. उबुंटू या लिनक्सवर आधारित प्रणालीने हे २००४च्या ऑक्टोबरात ४.१०पासूनच केले. क्रमांकापुढे तारीख दिसली की निदान जाणकार नसलेल्यालाही दुवा लागतो.

क्रमांक हा अंक नाही, मजकूर आहे, हेही साच्याला शिकवावे लागले. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.९ आवृत्ती २०२०च्या ऑक्टोबरात आली आणि ३.१० त्यानंतर वर्षभराने. दशांश अपूर्णांक म्हणून पाहिले तर ३.१० हे ३.९पेक्षा लहान ठरते, आणि शेवटचे शून्य उडून ३.१ उरते, जी पायथनची भलतीच, २००९ची आवृत्ती आहे. याहून गमतीचे उदाहरण टेक्सचे. डोनाल्ड क्नुथ यांच्या या अक्षरजुळणी प्रणालीचा आवृत्ती क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. २०१४मध्ये तो ३.१४१५९२६५ होता, २०२१मध्ये ३.१४१५९२६५३ झाला. अशा क्रमांकाला कोणत्याही यंत्राने गोल केले की संपलेच.

टेक्समुळे एक ठरलेली सोय रद्दही झाली. स्थिर आवृत्तीपुढे ‘इतक्या महिन्यांपूर्वी’ असे साच्याने आपोआप लिहावे, ही कल्पना बऱ्याच जणांना आवडली होती. फायरफॉक्सला ती शोभते. त्याची नवी आवृत्ती २०२०पासून साधारण दर चार आठवड्यांनी येते, त्यामुळे सहा महिने जुनी नोंद म्हणजे लेखाकडे दुर्लक्ष झाले असे समजायला हरकत नाही. पण टेक्सपुढे ‘७ वर्षांपूर्वी’ वाचून सॉफ्टवेअर मेले असे वाटते. प्रत्यक्षात तिथे सात वर्षे काही न बदलणे हेच यश आहे. तारीख दाखवायची, हिशेब वाचकाने करायचा, असे ठरले.

फायरफॉक्सची अडचण वेगळी. त्याच्या एकाच वेळी दोन स्थिर आवृत्त्या असतात: नेहमीची, आणि संस्थांसाठी दीर्घकाळ आधार मिळणारी ईएसआर. दोन्ही स्थिर, क्रमांक वेगळे. यासाठी तिसरे लेबल करायचे का यावर बरेच चर्वितचर्वण झाले. शेवटी लेबल एकच ठेवून शाखेचे नाव नोंदीत आधी लिहायचे ठरले. दोनच सॉफ्टवेअरांना लागणारा भेद चौकटीच्या लेबलात आणला तर उरलेल्या सगळ्यांच्या वाचकांना तो डोक्यावरून जातो.

बंद झालेल्या सॉफ्टवेअरसाठी मात्र लेबलच बदलते. फ्लॅश प्लेयरला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्याच्यापुढे ‘स्थिर आवृत्ती’ लिहिणे म्हणजे पुढे आणखी येईल असे सुचवणे. इंग्रजी विकिपीडियाच्या साच्यात ‘बंद’ अशी खूण केली की लेबल आपोआप बदलते. तीच युक्ती घेतली. खूण केली की वाचकाला ‘अखेरची आवृत्ती’ दिसते आणि ‘चाचणी आवृत्ती’ची ओळ गायब होते.

पहिले प्रकाशन

जुने लेबल ‘सुरुवात’ असे होते. त्याखाली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, लेखात तीन संपादकांनी पाळीपाळीने तीन तारखा भरल्याचे लेखाच्या इतिहासात दिसत होते: २५ ऑगस्ट १९९१, १७ सप्टेंबर १९९१ आणि १४ मार्च १९९४. पहिली तारीख लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम करत आहोत असे कळवल्याची, दुसरी ०.०१ आवृत्तीची, तिसरी १.० आवृत्तीची. सुरुवात म्हणजे नेमकी कोणती?

फायरफॉक्सचेही असेच. २३ सप्टेंबर २००२ला फीनिक्स नावाने ०.१ आली, मग फायरबर्ड असे नामांतर झाले, २००४च्या फेब्रुवारीत फायरफॉक्स हे नाव मिळाले आणि ९ नोव्हेंबर २००४ला १.० आली. त्यामुळे ‘पहिले जाहीर प्रकाशन’ असे लेबल सुचले. ‘जाहीर’ या शब्दाने घोषणा आणि खासगी चाचण्या बाजूला पडतील असा हिशेब. पण तो शब्दच लिनक्सच्या लेखात आडवा आला. ०.०१ सर्व्हरवर चढवली होती, मात्र तिचा गाजावाजा केला नव्हता. उघड घोषणा झाली ती ५ ऑक्टोबर १९९१ला ०.०२ची. म्हणजे तीन तारखांच्या वादात आपण चौथी आणून ठेवली.

‘जाहीर’ गाळले. लेबल ‘पहिले प्रकाशन’, आणि नियम असा की आवृत्ती क्रमांकाशिवाय तारीख स्वीकारायची नाही. फायरफॉक्ससाठी ‘०.१ (फीनिक्स नावाने), २३ सप्टेंबर २००२’. कोणाला १.०ची तारीख महत्त्वाची वाटत असेल तर ती लेखाच्या मजकुरात जाते, तिथे दोन ओळी लिहायला जागा असते. लिब्रेऑफिसपुढे ‘३.३, २५ जानेवारी २०११’ आले. पहिलेच प्रकाशन ३.३ कसे, असे वाचकाला वाटेल. पण ओपनऑफिस या जुन्या प्रकल्पापासून फुटून निघाल्यावर त्यांनी क्रमांक पुढे चालू ठेवला, ही गोष्टच लेखात वाचण्यासारखी आहे. चौकटीने वाचकाला लेखात ओढले तर बिघडले काय?

कोणी केले

‘विकासक’ या लेबलाला एकाने गमतीने हरकत घेतली होती: वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी माणसाला विकासक म्हटले की इमारती बांधणारा आठवतो. हरकत खरी आहे, पण सॉफ्टवेअरच्या चौकटीत कोणी त्या अर्थाने वाचत नाही, आणि ‘डेव्हलपर’ म्हटले तरी तोच बिल्डर पुन्हा हजर होतो. लेबल राहिले.

खरी अडचण गिटच्या लेखात होती. गिट २००५च्या एप्रिलमध्ये टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे आहे. एकच रकाना असेल तर एकावर अन्याय होतो. म्हणून ‘मूळ निर्माते’ असा वेगळा रकाना केला. तो फक्त व्यक्तींसाठी, आणि विकासकाहून नाव वेगळे असेल तरच भरायचा. अनेकवचनाचा प्रश्न इथे सहज सुटला. इंग्रजी साच्याला एक की अनेक याची चिंता करावी लागते. मराठीत ‘विकासक’ दोन्ही वचनांत तसाच राहतो, आणि ‘मूळ निर्माते’ एका माणसापुढेही आदरार्थी म्हणून शोभते.

‘निर्माता’ नुसता ठेवला असता तर कंपन्यांची नावे तिथे गेली असती, हे जुन्या नोंदींवरून दिसतच होते.

परवाना

या रकान्यात सर्वांत जास्त सापडलेला शब्द ‘मोफत’. मोफत ही किंमत झाली, परवाना नव्हे. पैसे न मोजता मिळणारी पण कोड बंद असलेली सॉफ्टवेअर कितीतरी आहेत, आणि मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर विकायलाही बंदी नाही. ‘किंमत’ असा वेगळा रकाना दिला तर ‘मोफत’ तिकडे जाईल, असा एक प्रस्ताव होता. तो फेटाळला ते बरे झाले. किमती देशागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, आणि ज्ञानकोशाने दरपत्रक होऊ नये.

परवान्याचे नाव किती नेमके द्यायचे, हाही मुद्दा निघाला. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, तर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या कोणत्याही आवृत्तीखाली. दोन्हीकडे ‘जीपीएल २’ लिहिले की हा फरक पुसला जातो. परवान्यांची प्रमाण संक्षिप्त नावे ठरवणारे एसपीडीएक्स नावाचे मानक आहे, २०२१पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचेही. त्यात ही दोन वेगळी नावे आहेत. नोंदी त्या धर्तीवर करायचे ठरले, पण मराठीत उलगडून: ‘जीपीएल २ किंवा नंतरचा’.

लेबलाबद्दल मात्र माझे मत अल्पमतात गेले. एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरचा कोड सार्वजनिक अधिकारक्षेत्रात आहे, म्हणजे त्यावर कोणी स्वामित्वहक्क सांगत नाही. परवाना हा प्रकारच लागू होत नाही. ज्या कंपन्यांच्या वकिलांना हातात कागद हवा असतो त्यांना एसक्यूलाइटवाले तसा परवाना विकतातही, पण कोड वापरायला तो लागत नाही. ‘वापराचे हक्क’ असे लेबल असते तर एसक्यूलाइट, लिनक्स आणि बंद कोडचे सॉफ्टवेअर तिन्ही त्याखाली सरळ बसले असते. बहुमत म्हणाले, लोक ‘परवाना’च शोधतात, एका अपवादासाठी तो काढू नये. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी एसक्यूलाइटच्या चौकटीत ‘परवाना: सार्वजनिक अधिकारक्षेत्र’ वाचताना मला अजून खडा लागतो.

‘प्लॅटफॉर्म’ आणि ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हे दोन रकाने मिळून ‘कशावर चालते’ असा एक केला. प्लॅटफॉर्ममध्ये लोक विंडोज, अँड्रॉइड भरत होते आणि ऑपरेटिंग सिस्टीममध्येही तेच. प्रोसेसरचा तपशील ज्याला हवा तो लेखात वाचेल.

बदल लेखांपर्यंत नेणे

लेबले ठरणे हे अर्धेच काम. जुन्या ‘भाषा’ रकान्यातल्या नोंदी वेगळ्या कराव्या लागणार होत्या आणि ते बॉटने, म्हणजे लेखांत आपोआप बदल करणाऱ्या प्रोग्रामने, करावे असे ठरत होते. प्रोग्रॅमिंग भाषांची यादी द्यायची. नोंदीत त्यातले नाव सापडले की ‘कोडची भाषा’, नाहीतर ‘इंटरफेसच्या भाषा’. यादी बॉटच्या हाती देण्यापूर्वीच एकीने दाखवून दिले की ‘फारसी’मध्ये ‘सी’ आहे, ‘मंगोलियन’मध्ये ‘गो’ आहे आणि ‘आर्मेनियन’ची सुरुवात ‘आर’ने होते. सी, गो आणि आर या तिन्ही प्रोग्रॅमिंग भाषा! त्यामुळे स्वल्पविरामावर नोंद तोडून पूर्ण शब्द जुळला तरच हलवायचे, असा नियम झाला. कंपायलरांचे आणि कोड संपादकांचे लेख बॉटपासून पूर्ण वगळले, कारण तिथे ‘सी++’ हे नेमके कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते यंत्राला कळणार नाही.

जुने आतले नाव साच्यात जिवंत आहे. ते वापरलेले असेल तर ओळ पूर्वीसारखीच दिसते, पण लेख एका लपलेल्या वर्गात जमा होतो. तो वर्ग उघडून एकेक लेख हाताने निस्तरायचा. माहिती दिसेनाशी करण्यापेक्षा काही काळ गोंधळलेली दिसू देणे बरे, असा विचार त्यामागे होता.

भरणाऱ्यासाठी वेगळी सोयही झाली. विकिपीडियाच्या प्रणालीत २०१३पासून टेम्प्लेटडेटा नावाची गोष्ट आहे: साच्याच्या प्रत्येक रकान्याला भरणाऱ्यापुरते नाव, वर्णन आणि उदाहरण देता येते, आणि दृश्य संपादक वापरणाऱ्याला ते अर्जासारखे दिसते. आमचा ज्ञानकोशही त्याच प्रणालीवर चालतो. त्यामुळे वाचकाचे लेबल ‘कोडची भाषा’ इतके आटोपशीर ठेवून भरणाऱ्याला ‘हे सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिले आहे ती, ते ज्या भाषांसाठी वापरतात त्या नव्हेत’ असे सविस्तर सांगता आले. लेबलावरचा निम्मा भार तिथे उतरला. आधी हे केले असते तर ‘जाहीर’वरचा वाद कदाचित झालाच नसता.

नव्या नोंदींत सर्वांत आधी कमी झाले ते कंस. ‘इंटरफेसच्या भाषा’पुढे आता कोणी ‘(मेनू)’ लिहीत नाही.

अडले आहे ते ब्राउझरमध्येच चालणाऱ्या सेवांपाशी. त्यांना बाहेर दिसणारा आवृत्ती क्रमांक बहुधा नसतो, कोड उघड नसतो, आणि ‘कशावर चालते’ला ‘ब्राउझर’ एवढेच उत्तर. ‘परवाना’ रकान्यात लोक सेवेच्या अटींचा दुवा टाकतात, तो काढावा लागतो. ‘पहिले प्रकाशन’ इथे ‘सुरू झाली’ असे हवे, आणि आवृत्ती क्रमांकाचा नियम तर लावताच येत नाही. काहींना यासाठी स्वतंत्र साचा हवा आहे. काहींचे म्हणणे असे की एकच सॉफ्टवेअर ॲप म्हणूनही मिळते आणि ब्राउझरमध्येही चालते, मग एका लेखाला दोन चौकटी लावायच्या का? तूर्त अशा लेखांत रिकामे रकाने दिसत नाहीत एवढेच. त्यांच्या चौकटीत प्रकार, विकासक, इंटरफेसच्या भाषा आणि संकेतस्थळ इतक्याच ओळी उरतात. तारखेची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे ठरेपर्यंत ती लेखाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहावी, अशी सूचना साच्याच्या पानावर लावली आहे.